भूल देणारी माणसं

दोन महिन्यांपूर्वी मामाचं मोठं ऑपरेशन झालं. मामा बँकेत, दिवसभर खुर्चीत बसून काम. गेली दोन वर्षं त्याला बसलं की खाली दुखायचं. बैठी नोकरी, दुखणारच, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. आधी बाम, मग पट्टा, मग सायटिका म्हणून गोळ्या. शेवटी लघवीला त्रास व्हायला लागला तेव्हा एमआरआय झाला, आणि कॉर्डोमा नावाचा शब्द घरात आला. कमरेच्या मणक्यांच्या खाली आणि माकडहाडाच्या वर एक त्रिकोणी हाड असतं, सेक्रम. पाच मणके एकमेकांत मिसळून झालेलं. त्यात हा ट्यूमर हळूहळू वाढत बसला होता. नेहमीच्या केमोला तो फारसा दाद देत नाही. मुख्य उपाय एकच, हाडाच्या भागासकट अख्खा काढायचा.

सर्जननी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. आम्ही घरचे पाच जण, प्रत्येकाचे दहा-दहा प्रश्न. चालता येईल का, बसता येईल का, लघवी-संडासवरचा ताबा राहील का. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आणखी एक डॉक्टर आल्या, भूल देणाऱ्या. त्यांना मात्र आम्ही एकच प्रश्न विचारला. मामी म्हणाली, "शुद्ध येईल ना हो मॅडम?"

त्या हसल्या. मामाचे दात बघितले, मान मागे करायला लावली, किती जिने चढता विचारलं. मग जाता जाता म्हणाल्या, "काका, उद्या मधेच कदाचित मी तुम्हाला हाक मारीन. आधी माझा हात दाबायचा. मग पायाची बोटं हलवायची. दुखणार नाही, आणि बहुतेक तुम्हाला आठवणारही नाही."

मामा माझ्याकडे बघायला लागला. मीही गार! पाठ उघडी असताना माणसाला मधेच उठवायचं?

त्या रात्री झोप येईना, म्हणून लॅपटॉप उघडून वाचत बसलो. ऑपरेशन झाल्यावरही वाचत राहिलो. मी काही डॉक्टर नाही, साधा सॉफ्टवेअरवाला. पण जे सापडलं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला फार ओळखीचं वाटलं. एक बग सोडवायला जावं आणि त्या फिक्सनेच दुसरा बग निघावा, असा हा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. फरक एवढाच की इथे प्रॉडक्शनमध्ये माणूस असतो.

सुरुवात लंडनपासून करू. ९ जून १८८७. क्वीन स्क्वेअरच्या हॉस्पिटलात व्हिक्टर हॉर्स्ली नावाच्या तरुण सर्जननी कॅप्टन गिल्बी या माणसाची पाठ उघडली. गिल्बी तीन वर्षं पाठदुखीने हैराण होता, आणि आता त्याचे पायही गेले होते. विल्यम गावर्स या न्यूरॉलॉजिस्टनी निव्वळ लक्षणांवरून सांगितलं होतं की मज्जारज्जूवर गाठ दाबत असणार, आणि साधारण अमुक ठिकाणी. तेव्हा एक्स-रेसुद्धा नव्हता (तो आला १८९५ साली). हॉर्स्लींनी सांगितलेल्या जागी उघडलं तर काही नाही! थोडं आणखी वर गेले, आणि गाठ सापडली. पुढे गिल्बी चालायला लागला, कामालाही लागला. मज्जारज्जूवरची गाठ आधी ओळखून यशस्वीपणे काढल्याची ही पहिली नोंद मानली जाते. इतिहासात गावर्स आणि हॉर्स्ली ही नावं राहिली. पण इतका वेळ तो माणूस निपचित पडून राहिला, हे कुणामुळे?

भुलेबद्दल हॉर्स्लींची मतं पक्की होती. मेंदूच्या ऑपरेशनांबद्दल १८८६ साली लिहिताना त्यांनी ईथरपेक्षा क्लोरोफॉर्मला पसंती दिली. कारण रक्त. ईथरने रक्तदाब चढतो, जखम पाझरत राहते, सर्जनला काही दिसत नाही. क्लोरोफॉर्मने दाब उतरतो, रक्त कमी जातं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, वा, काय साधा उपाय. पण दाब उतरतो तो काही फुकट नाही. क्लोरोफॉर्म हृदयालाच मंद करतो. एडिंबरोत सिम्पसननी क्लोरोफॉर्म वापरायला लागून तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना गेली. त्यानंतर असे मृत्यू होतच राहिले, आणि ते का होतात यावर वाद पेटला.

हा वाद सोडवायला कोण पुढे यावं? हैदराबादचा निजाम! १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत क्लोरोफॉर्म कमिशन बसली, खर्च निजामाचा. (आपला मराठवाडाही तेव्हा निजामाच्याच राज्यात होता.) तिथले मुख्य डॉक्टर एडवर्ड लॉरी यांचं ठाम म्हणणं होतं की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो आणि मगच हृदय, म्हणून फक्त श्वासावर लक्ष ठेवा, नाडी बघत बसू नका. लॅन्सेटला ते पटेना. मग निजामाने एक हजार पौंड दिले की तुमचा माणूस पाठवा आणि स्वतः बघा. लॉडर ब्रंटन लंडनहून आले, कुत्र्या-माकडांवर शेकडो प्रयोग झाले, आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला.

पण तो चुकीचा होता. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदय एकदम फडफडायला लागून थांबू शकतं, श्वास चालू असतानाच. म्हणजे नाडीही बघायला हवीच होती. इतके प्रयोग झाले, पण टेस्ट केसेस चुकीच्या निवडल्या गेल्या होत्या. आमच्याकडे असं होतं तेव्हा रिलीज परत घ्यावी लागते. तिथे मधल्या वर्षांत माणसं गेली.

पुढच्या काळात नळी घालून श्वास ताब्यात घेणं आलं. २३ जानेवारी १९४२ ला माँट्रियलला हॅरॉल्ड ग्रिफिथनी स्नायू ढिले करणारं क्युरारे ऑपरेशनमध्ये वापरलं, तेव्हापासून भूल हलकी ठेवूनही पेशंट निपचित ठेवता येऊ लागला. म्हणजे झोपेचा प्रश्न बराचसा सुटला. उरला रक्ताचा.

इथे सेक्रम म्हणजे सगळ्यात वाईट जागा. पुढच्या बाजूला मोठ्या रक्तवाहिन्यांचं जाळं, मागे हाड, आणि ट्यूमर स्वतःचा रक्तपुरवठा वाढवून बसलेला. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, आणि अशा मोठ्या ऑपरेशनमध्ये दोन-चार लिटर जाणं नवलाचं नाही. म्हणजे अर्ध्याहून जास्त माणूस बदलून टाकायचा!

१९४६ साली क्लीव्हलंडच्या गार्डनर नावाच्या न्यूरोसर्जननी एक अचाट उपाय छापला. ऑपरेशनच्या वेळी धमनीतून रक्त सरळ काढून घ्यायचं, दाब खाली आणायचा, काम झालं की तेच रक्त परत द्यायचं. १९४८ साली एडिंबरोत ग्रिफिथ्स आणि गिलीज यांनी मणक्यात भूल देऊन दाब मुद्दाम पाडला. (हे ग्रिफिथ्स वेगळे, क्युरारेवाले नव्हेत.) १९५० साली इंग्लंडमध्ये एन्डर्बींनी तेच औषधांनी केलं. हॉर्स्लींना क्लोरोफॉर्मकडून जे आपोआप मिळत होतं ते आता ठरवून, मोजून करता येऊ लागलं. पुढची कित्येक वर्षं पाठीच्या मोठ्या ऑपरेशनात दाब खाली ठेवणं म्हणजेच चांगली भूल असं मानलं जायचं.

पण मला सगळ्यात आवडलेला उपाय औषधाचा नाहीच. १९४० साली फिलाडेल्फियाच्या बॅटसन या शरीरशास्त्रज्ञाने दाखवलं की मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याला झडपा नसतात आणि ते पोटातल्या शिरांना जोडलेलं असतं. याचा अर्थ काय? पाठीच्या ऑपरेशनला पेशंट पालथा असतो. पालथं झोपवलं की पोट दाबलं जातं, पोटातलं रक्त वाट मिळेल तिकडे जातं, म्हणजे मणक्याच्या शिरांत. तिथेच तर सर्जन काम करतोय! म्हणजे वरून इतकी औषधं द्यायची आणि खालून टेबलच रक्त ढकलतंय. १९६७ साली टोरांटोच्या मुलांच्या हॉस्पिटलातल्या रेल्टन आणि हॉल या जोडीने चार गाद्यांची एक चौकट छापली. दोन गाद्या छातीच्या बाजूंना, दोन कमरेच्या हाडांपाशी, आणि पोट मधे मोकळं लटकतंय. रक्त जाणं कमी झालं. यातले रेल्टन भूल देणारे होते, हॉल हाडांचे सर्जन. मामालाही अशाच प्रकारच्या चौकटीवर पालथं घातलं होतं.

१९७८ साली स्वीडनमध्ये स्टेनर आणि गुंटरबर्ग यांनी सेक्रम बऱ्याच वरून कापून ट्यूमर अख्खा काढण्याची पद्धत सविस्तर मांडली. मामाच्या ऑपरेशनचा पाया इथला. पण असं काही करायला धजावण्याआधी मागची सगळी शिडी तयार असावी लागली, श्वासाची, रक्ताची, टेबलाची.

आता तिसरा प्रश्न, ज्याने मामाला आणि मला गार केलं होतं. नर्व्हज.

झोपलेल्या माणसाची नर्व्ह दुखावली तर तो ओरडत नाही. तो ओरडू नये म्हणून तर भूल दिलीये! म्हणजे भूल जितकी पक्की, तितकं सर्जनला कमी कळणार. हॅरिंग्टन रॉडच्या काळात, म्हणजे साठच्या दशकात, वाकडे कणे सळ्या घालून सरळ करायला लागले तेव्हा हे फार टोचायला लागलं. ऑपरेशन झकास व्हायचं, आणि क्वचित एखादं पोर उठल्यावर पाय हलवायचंच नाही. आणि कळायचं तेव्हा काही तास उलटून गेलेले.

१९७३ साली फ्रान्समधल्या वोझेल, स्तान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्यात सरळ उपाय छापला. विचारा की त्यालाच! सळी बसवून झाली की भूल हलकी करायची, पेशंटला हाक मारायची, आधी हात दाबायला सांगायचं, मग पाय हलवायला. हात आधी का, हे मला दुसऱ्या दिवशी वेटिंग रूममध्ये बसल्यावर कळलं. हात दाबला म्हणजे त्याला ऐकू येतंय, समजतंय. मग पाय हलले नाहीत तर दोष भुलेचा नाही, दोष पाठीत आहे. हात न दाबता पायही हलले नाहीत तर काहीच सिद्ध होत नाही. किती स्वच्छ टेस्ट! पण ती एका क्षणापुरतीच. उठवताना पेशंट जोरात हलला तर नळ्या निघू शकतात. शिवाय पाय हलले तरी लघवीच्या नर्व्हबद्दल काहीच कळत नाही, आणि सेक्रममध्ये तर मुख्य काळजी तीच. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या सेक्रल नर्व्हवर लघवी-संडासचा ताबा असतो.

म्हणून मग न उठवता विचारायची पद्धत आली. १९८० साली मर्टन आणि मॉर्टन यांनी दाखवलं की जागत्या माणसाच्या टाळूवरून, कवटी न उघडता, विजेचा झटका देऊन हातापायाचा स्नायू हलवता येतो. ऑपरेशन थिएटरमध्ये त्याचं झालं असं की डोक्यावर एक सिग्नल सोडायचा आणि पायात, गुदद्वाराच्या स्नायूतसुद्धा, सुया लावून तो पोचतोय का बघायचं. चक्क पिंग! उत्तर आलं म्हणजे वाट शाबूत.

पण पुन्हा तीच गोष्ट. नेहमीचे भुलेचे वायू हा सिग्नल दाबून टाकतात. आणि क्युरारेचे वंशज दिले तर स्नायू उत्तरच देत नाही. म्हणजे १९४२ पासून ज्यांच्यावर भिस्त होती तीच औषधं आता अडचण झाली. इथे कामाला आलं प्रोपोफॉल, ते दुधासारखं पांढरं इंजेक्शन. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत जॉन ग्लेन नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने ते शोधलं. १९७७ साली माणसांवर चाचण्या सुरू झाल्या, पण ज्या द्रावणात ते विरघळवलं होतं त्याच्या ॲलर्जीने गाडी अडली. मग सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांच्यात ते घोटलं, आणि १९८६ साली बाजारात आलं. ते वायूंइतका सिग्नल दाबत नाही. १९९६ साली त्याच्यासाठी असा पंप आला की डॉक्टरने रक्तात किती औषध हवं तो आकडा सांगायचा, आणि वजन-वय घेऊन, औषध रक्तातून स्नायूत, चरबीत किती मुरेल याचं गणित करून पंप वेग ठरवणार. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. कारण पंप रक्तातलं औषध प्रत्यक्षात मोजतच नाही! मॉडेल म्हणतंय तेवढं असेल असं धरून चालतो. सेन्सर म्हणजे शेजारी बसलेली ती बाई. आणि तिने स्नायू ढिले न करता पेशंट जराही हलणार नाही एवढी भूल धरायची, पण सिग्नल मरेल इतकी नाही. नऊ तास.

दाब खाली ठेवण्याचं काय झालं? तो फिक्सही बराचसा मागे घेतला गेला. पाठीच्या लांब ऑपरेशनांनंतर क्वचित एखादा पेशंट आंधळा होऊन उठायचा. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ पासून अशा केसेसची नोंदवही ठेवली. २००६ साली त्यातल्या पाठीच्या ९३ केसेस छापून आल्या. ९६ टक्क्यांमध्ये एकतर एक लिटर किंवा जास्त रक्त गेलं होतं, नाहीतर भूल सहा तास किंवा जास्त चालली होती. बहुतेकांत डोळ्याच्या नर्व्हलाच रक्त कमी पडलं होतं. दाब पाडणं हे एकटं कारण म्हणून सिद्ध झालं नाही, पण इतका वेळ पालथं पडलेल्या माणसाचा दाब फार खाली नेताना हात आखडता व्हायला लागला. मज्जारज्जूलाही रक्त लागतंच की.

मग रक्त वाचवायचं कसं? अनेक छोट्या उपायांनी. आदल्या दिवशी ट्यूमरच्या रक्तवाहिन्या आतून बंद करणं. गेलेलं रक्त धुऊन परत देणारी मशिनं (ट्यूमरमध्ये ती जपूनच वापरतात). काही ठिकाणी महाधमनीत फुगा फुगवून खालचं रक्त थोडा वेळ थांबवतात, ती कल्पना कोरियन युद्धातल्या जखमी सैनिकांवर वापरून १९५४ साली ह्यूज नावाच्या डॉक्टरने छापली होती. आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या जोडप्याचं, १९६२ सालचं. उताकोबाईंना ते बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांसाठी हवं होतं. तो उपयोग सिद्ध करणारी वीस हजार बायकांची चाचणी छापून आली २०१७ साली. बाई २०१६ सालीच, ९८ व्या वर्षी गेल्या होत्या.

मामाचं ऑपरेशन नऊ तास चाललं. बाहेर येताना चेहरा ओळखू येईना इतका सुजलेला (पालथं पडल्यामुळे), तोंडात नळी तशीच. दुसऱ्या दिवशी नळी निघाली. डाव्या बाजूची तिसरी नर्व्ह ट्यूमरबरोबर गेली, उजवीकडची वाचली. लघवीचं अजून पूर्ण जमलेलं नाही, दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालावी लागते. पण सुधारतंय. वॉकर घेऊन चालतो.

तिसऱ्या दिवशी त्या मॅडम बघायला आल्या तेव्हा मी धीर करून विचारलं, मधे उठवलं होतं का? म्हणाल्या, नाही, गरज पडली नाही. दुपारी एकदा उजवीकडचा सिग्नल पडला होता. त्यांनी सर्जनना थांबायला सांगितलं, दाब थोडा वाढवला, सर्जननी जे ओढून धरलं होतं ते सैल केलं. काही मिनिटांनी सिग्नल परत आला. "मग पुढे गेलो," एवढंच.

त्याच वेळी आम्ही खाली कँटीनमध्ये वडा-सांबार खात होतो. ती वाचलेली नर्व्ह उजवीकडचीच.

बिल आलं तेव्हा हे सगळं एका ओळीत होतं, 'भूल खर्च'. सर्जनचं नाव आम्हाला तोंडपाठ. मॅडमचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, आणि मामीने पेढ्यांचा दुसरा पुडा आणायला सांगितला.

मामाला मी हे सगळं सांगितलं, हॉर्स्ली, हैदराबाद, टोरांटोच्या गाद्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते सगळं ठीक आहे रे. पण मी रात्रभर पाठ करत होतो, आधी हात, मग बोटं. आणि त्यांनी हाक मारलीच नाही!"

असो. बरंच लांबलं. तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन असेल तर आदल्या संध्याकाळी भूल देणारे डॉक्टर येतील. त्यांना बसायला खुर्ची द्या, आणि एकापेक्षा जास्त प्रश्न विचारा.